सुभद्रेची सखी आणि सोळा हजारांची नोकरी

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका मूळच्या बीड जिल्ह्यातील असून त्यांचे वय २७ आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत निवड होऊन गेले दीड वर्ष त्या परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेविका, म्हणजे पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करणाऱ्या शिक्षिका, आहेत. अंबाजोगाईच्या एका गुरुजींकडे नऊ वर्षे शिकून त्यांनी गायनातील विशारद पूर्ण केले आहे. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत एका हौशी संस्थेने ‘संगीत सौभद्र’ सादर केले, त्यात त्या सुभद्रा होत्या. ‘वद जाऊ कुणाला शरण’ या पदाला वन्स मोअर मिळाला आणि गायनाचे पारितोषिकही मिळाले. तो प्रयोग पाहून मुंबईच्या एका निर्मात्याने एका जुन्या संगीत नाटकाच्या नव्या संचात त्यांना दुसऱ्या नायिकेची भूमिका देऊ केली आहे. ‘पन्नास प्रयोग तर कुठे जात नाहीत,’ असे तो फोनवर म्हणाला आणि महिन्याभरात काय ते कळवा, असेही म्हणाला. वडील शेतकरी आहेत आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांचे म्हणणे, ‘गाणं कुठं पळून चाललंय? नोकरी पुन्हा मिळायची नाही.’ घरात स्थळे येऊ लागली आहेत. मुंबईत आपल्या बोलण्याला हसतील, ही धास्ती वेगळीच. त्यांचा प्रश्न असा: आत्ता गेले नाही तर कधीच जाणे होणार नाही, मग नोकरी सोडू का?

उत्तर

तुमचे पत्र तीन पानांचे आहे आणि त्यातली जवळजवळ दोन पाने स्पर्धेच्या त्या एका रात्रीवर खर्ची पडली आहेत. पायपेटीचा पहिला सूर, नांदीला उभे राहताना थरथरलेले गुडघे, वन्स मोअर मिळाल्यावर क्षणभर कोरडा पडलेला घसा, रंगपटात येऊन न बोलता नुसती रडलेली आई, हे सगळे तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की मला माझा स्वतःचा पहिला प्रयोग आठवला. त्यात मी दुसऱ्या अंकात पदाचा अंतरा विसरले होते. पण तालमींबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे: ‘तालमी दीड महिना चालल्या.’ माझे बोट त्या वाक्यावर थांबले आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही मला तिथूनच शोधावेसे वाटते. निर्माता तुम्हाला ती रात्र देऊ करीत नाही. तीच भूमिका, तीच पदे, तेच आठ-दहा सहकलाकार आणि तीच बस, असे एक वर्ष तो देऊ करतो आहे. ते वर्ष तुम्हाला हवे आहे की नाही, याविषयी पत्रात काहीच नाही.

त्या वर्षातला एक दिवस कसा असतो ते सांगते. शनिवारी दुपारी चारला ठाण्यात प्रयोग आहे असे समजा. तुम्ही सकाळी सहाला उठून तासभर खर्ज लावलेला असतो, कारण दुपारी गळा मोकळा हवा असेल तर सकाळी तो जागा करावा लागतो. अकरानंतर पोटभर जेवायचे नाही. दोन वाजता रंगपटात आरशापुढे बसायचे, रंगभूषाकाराकडे अजून तिघी रांगेत असतात. खोपा इतका आवळून बांधलेला असतो की कपाळ ठणकते. नऊवारीचा काचा घट्ट बसला की पोटातला श्वास उथळ होतो, म्हणून नेसवणाऱ्या बाईंना रोज आठवण द्यावी लागते: ‘बाई, दोन बोटं ढिला ठेवा.’ तिसऱ्या घंटेच्या आधी तंबोऱ्याच्या यंत्राशी पट्टी जुळवायची. आदल्या रात्री ऑर्गन प्रवासात हलला असेल तर त्याचा एखादा सूर उतरलेला असतो. मग वादक कोणती पट्टी टाळायची ते कानात सांगतो आणि तुम्ही ऐन वेळी तान बदलता. प्रयोग होतो. प्रेक्षागृह अर्धे रिकामे असते, तरी पूर्ण भरल्यासारखे गायचे असते. साडेसातला मेकअप उतरवून बसमध्ये बसायचे, कारण रविवारी सकाळी प्रयोग पुण्यात आहे. रात्री बाराला धाब्यावर बटाट्याची भाजी आणि पुरी खाऊन लगेच आडवे व्हायचे. हे शेवटचे गायक नटाच्या गळ्याला सर्वांत घातक असते, कारण पोटातले आम्ल रात्रभर वर येऊन स्वरयंत्राला चटके देते आणि सकाळी आवाज जड का झाला हे कळत नाही.

हा दिवस तुम्हाला नकोसा वाटावा म्हणून मी रंगवलेला नाही. या दिवसावर जीव असलेली माणसे मी पाहिली आहेत आणि मीही बरीच वर्षे त्यांच्यातच होते. मला फक्त विचारायचे आहे की दुसऱ्या नायिकेचे ते पद पस्तिसाव्यांदा गाताना तुम्ही त्यात काय शोधाल? या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे असेल तर पुढचे सारे व्यवहाराचे आहे. नसेल, तर एका पारितोषिकाच्या भरात नोकरी सोडणे मला घाईचे वाटते.

आता व्यवहार. मराठी व्यावसायिक नाटकात पगार नसतो, ‘नाइट’ असते. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाहीत, आणि तालमीच्या महिन्याचे बहुतेक वेळा काहीच मिळत नाही किंवा प्रवासखर्च तेवढा मिळतो. तुमच्या नाइटचा आकडा पत्रात नाही. म्हणजे तुम्ही तो विचारलेला नाही, असे मी धरून चालते. हिशेबापुरते तीन हजार समजा. पन्नास प्रयोगांचे दीड लाख झाले. परंतु महिन्याला चार प्रयोग लागले तर ते पन्नास प्रयोग पुरे व्हायला एक वर्षाहून अधिक काळ जातो. परीक्षांचे दिवस, मुसळधार पाऊस, निवडणुका आणि क्रिकेटचे मोठे सामने यांत तारखा गळतात, हे प्रयोगांच्या तारखा जुळवणारा कोणताही सूत्रधार सांगेल. तुमचे शिक्षणसेवकाचे मानधन महिना सोळा हजार आहे, म्हणजे वर्षाचे एक लाख ब्याण्णव हजार, आणि ते परभणी जिल्ह्यात आई-वडिलांपासून एका एसटीच्या अंतरावर मिळते. दीड लाख मात्र मुंबईत खोलीभाडे, लोकल आणि डबा यांत मुरणार. शिवाय संगीत नाटकाच्या निर्मात्याला ऑर्गन, तबला, त्यांचे वादक आणि गाणाऱ्या नटांचा मोठा संच पोसावा लागतो. त्यामुळे दोन पात्रांच्या विनोदी नाटकापेक्षा त्याचा प्रत्येक प्रयोग महाग पडतो आणि दोन-तीन वेळा गल्ला कमी आला की तो तारखा घेणेच थांबवतो. ‘पन्नास कुठे जात नाहीत’ हे वाक्य तो खोटेपणाने म्हणाला असे मला वाटत नाही. बहुतेक निर्माते नारळ फुटतो त्या दिवशी ते मनापासूनच म्हणतात.

म्हणून त्याला होकार-नकार कळवण्याआधी सहा गोष्टी विचारा आणि उत्तरे लेखी मागा, मोबाइलवरच्या संदेशातून आली तरी चालतील. नाइट किती आणि ती कधी हाती पडणार, प्रयोगानंतर त्याच दिवशी की महिन्याने? तालमी किती दिवस आणि त्यांचे मानधन काय? प्रयोग ऐन वेळी रद्द झाला तर अर्धी तरी नाइट मिळते का? दौऱ्यावर स्त्री कलाकारांच्या राहण्याची सोय काय आणि एका खोलीत किती जणी? तुमच्या भूमिकेला बदली कलाकार तयार ठेवणार आहेत का? आणि शेवटचे, दुसऱ्या नाटकासाठी किंवा मैफलीसाठी तुम्हाला तारखा देता येतील का? या प्रश्नांनी जो निर्माता नाराज होईल त्याच्याकडे तुम्ही एरवीही सुखाने काम केले नसते. माझ्या एका सहकारी मुलीने यातले काहीच न विचारता होकार दिला होता. विदर्भाच्या नऊ दिवसांच्या दौऱ्यातून ती परत आली तेव्हा दौऱ्याचे प्रयोग विकत घेणाऱ्या कंत्राटदाराने निर्मात्याचे पैसे बुडवले होते आणि निर्मात्याने तिचे. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले.

तुमच्या पत्रामागे एक गृहीतक आहे, ते मला जरा उलगडून पाहावेसे वाटते. ‘सत्ताविसावे संपत आले, आत्ता नाही तर कधीच नाही,’ असे तुम्ही लिहिता. नाचाच्या बाबतीत याला थोडा अर्थ असेल, पण गाणाऱ्या नटाच्या बाबतीत मला तो दिसत नाही. वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात जवळजवळ चोवीस वर्षे नोकरी केली. ती सुटून ते पूर्णवेळ गाण्याकडे वळले ते १९६५ च्या सुमारास, म्हणजे पंचेचाळिशीत, आणि ज्या खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना घराघरांत नेले ते ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ मध्ये आले. रामदास कामत एअर इंडियात नोकरी करीत नाट्यपदे गात राहिले. या दोघांची प्रतिभा तुमच्या-माझ्या हिशेबापलीकडची, हे मान्यच आहे. तरी त्यांच्या प्रतिभेने नोकरीची वेळ पाळली, हेही खरेच. स्त्रियांसाठी हे अधिक अवघड होते आणि आहे, ते मी नाकारीत नाही. जयमाला शिलेदार यांनी पती जयराम यांच्यासह १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही स्वतःची संस्था काढली आणि पुढे मुलीही त्यात उभ्या राहिल्या. घर आणि नाटक असे वेगळे दोन संसार त्यांना करावे लागले नाहीत, कारण घर हेच नाटक होते. तुमच्याकडे तशी संस्था नाही, त्यामुळे आधाराची सोय तुम्हाला अन्यत्र शोधावी लागणार, आणि ती नोकरीच असू शकते.

जुन्या काळाविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यानंतर ज्या नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या नटाला पगार, जेवण, राहायला बिऱ्हाड आणि गाण्याची तालीम देणारा उस्ताद इतके सगळे पुरवीत असत. दहा-बारा वर्षांचे पोरही मंडळीत शिकत-शिकत मोठे होई. या थाटापायी मंडळ्या कर्जात बुडाल्या, खुद्द बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळीही त्यातून सुटली नाही. पण नटाच्या डोक्यावर छप्पर असे. आजचा निर्माता यातले फक्त ‘नाइट’ देतो. उस्ताद, बिऱ्हाड, आजारपण आणि म्हातारपण ही चारही खाती नटाला स्वतः सांभाळावी लागतात. राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी महिना पाच हजारांची मानधन योजना आहे, तीही पन्नाशीनंतर आणि उत्पन्नाच्या अटीवर. तुमच्या नोकरीतली उरलेली दीड वर्षे पुरी झाली की तुम्ही नियमित वेतनश्रेणीत जाता. त्या दीड वर्षाचे मोल या चार खात्यांच्या संदर्भात करून पाहा.

भाषेचे. ‘काय करायलीस’ म्हणणाऱ्या मुलीला दादरला हसतील, असे तुम्हाला वाटते. हसतीलही, चहाच्या टपरीवर. पण संगीत नाटकाची भाषा दादरलाही कोणी बोलत नाही. ‘नाथ’, ‘प्राणसखी’, ‘दुष्टा’ म्हणत कोण भाजी आणायला जाते? ती प्रत्येकाला शिकावीच लागते आणि त्या शिकण्यात पुण्याची मुलगी व बीडची मुलगी एकाच पायरीवर उभ्या असतात. अण्णासाहेब किर्लोस्कर स्वतः बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, म्हणजे कानडी मुलखातले, आणि त्यांनीच मराठी संगीत नाटकाची भाषा घडवली. उलट आपल्या मराठवाड्याकडे एक गोष्ट आहे जी तिकडच्यांना मेहनतीने मिळवावी लागते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या या मुलखात उर्दू शब्द घराच्या ओसरीवर असतात. ख आणि ग यांचे घशातले उच्चार आपल्या आजोबांच्या कचेरीच्या भाषेतून आपल्यापर्यंत आले. ज्या नाटकात दरबार, उस्ताद किंवा बंदिशीतले ब्रज-उर्दू शब्द येतात, तिथे मराठवाड्याचा कान फार कामी येतो. सुधारायचे ते मोजकेच आहे. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘चमचा’मधला च आणि ‘चिमणी’मधला च, आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली पाडण्याची आपली सवय. रोज वीस मिनिटे वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचून तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. दोन महिन्यांत फरक पडतो. तुमच्या वर्गातली मुले ऐकायला असतील तर आणखी लवकर.

आता ज्या पदाला वन्स मोअर मिळाला त्याविषयी. त्याचे ध्वनिमुद्रण तुम्ही पत्रासोबत पाठवले, ते मी तीनदा ऐकले. आवाज सुरेल आहे, तयारी आहे, फिरत स्वच्छ आहे. पण त्या पदात ‘अग सखये’ असे शब्द आहेत. सुभद्रा एका माणसाशी बोलते आहे, ती सखी शेजारी उभी आहे. तुम्ही ‘सखये’वर सुरेख तान घेतलीत, ती थेट प्रेक्षागृहाच्या पंधराव्या रांगेत गेली आणि शेजारची सखी तेवढा वेळ पदराशी चाळा करीत उभी राहिली असणार. टाळ्या तानेला मिळाल्या. विशारदच्या अभ्यासाने गळा तयार होतो, राग कळतो, पण परीक्षेच्या खोलीत समोर परीक्षक असतो, सखी नसते. नाट्यपदात संकट आधी, मग शब्द, मग सूर आणि सर्वांत शेवटी तान. एक साधा सराव सांगते: तेच पद आधी चाल न लावता, शेजारी कुणाला तरी उभे करून, नुसते गद्यासारखे म्हणा. आईला उभे केले तरी चालेल. जिथे आईने तुमच्याकडे पाहिले तिथे पद पोहोचले असे समजा. मग चालीत म्हणताना त्या जागा जपा. पद संपल्यावर पुढचे गद्य वाक्य दम न लागता त्याच पट्टीतून उतरत आले पाहिजे. बहुतेक गायक नटी इथेच उघड्या पडतात: पद वरच्या मजल्यावर आणि गद्य तळघरात. मुंबईच्या तालमीत हे शिकवायला वेळ असेल असे गृहीत धरू नका; नव्या संचाच्या तालमी उभे राहणे, जागा आणि प्रकाश यांतच संपतात.

गळ्याविषयी मी जरा परखड बोलेन, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. एकतिसाव्या वर्षी नऊ दिवसांत अकरा प्रयोगांचा दौरा मी केला. सहाव्या दिवशी आवाज बसला. गरम पाणी, ज्येष्ठमध आणि खडीसाखर यांच्या जोरावर पुढचे पाच प्रयोग रेटले, कारण बदली कलाकार नव्हती आणि ‘तुझ्यामुळे प्रयोग बंद पडला’ हे ऐकण्याची माझी तयारी नव्हती. परत आल्यावर डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिले तर स्वरयंत्रावर गाठी. सहा आठवडे मौन पाळले. तोवर माझी भूमिका दुसरीकडे गेली होती आणि ती मला परत मिळाली नाही. कोणाचा दोष, हे मी आता मोजत नाही. तुम्ही मात्र लक्षात ठेवा: घोगरेपणा तीन आठवड्यांपलीकडे राहिला तर काढे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचे आणि आवाज बसलेला असताना कुजबुजत बोलायचे नाही, त्यानेही गळ्यावर ताण येतो. शाळेत पहिलीच्या पस्तीस मुलांवर ओरडून तुमचा गळा आधीच थकत असेल, तिथेही टाळी किंवा घंटी वापरायची सवय लावून घ्या.

वडिलांकडे वळू. तुम्ही त्यांना विरोधक मानले आहे, पण पत्रातच त्यांचे वाक्य आहे, ‘गाणं कुठं पळून चाललंय?’ पेटी वाजवणारा माणूस गाण्याच्या विरोधात बोलत नाही. त्यांना भीती दोन गोष्टींची असावी: हातची नोकरी जाईल याची आणि रात्रीची बस, परगावचा मुक्काम, अनोळखी माणसे यांची. पहिलीचे उत्तर वर दिलेल्या हिशेबाने मिळते. दुसरीचे उत्तर शब्दांनी मिळत नाही. त्यांना एकदा छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला एखाद्या व्यावसायिक नाटकाच्या प्रयोगाला घेऊन जा आणि प्रयोगानंतर रंगपटात नेऊन मंडळींना भेटवा. कपडेपट आवरणाऱ्या बाया, घड्या घालणारी पोरे आणि डबे उघडून बसलेले नट पाहिले की बरीच भीती आपोआप गळते. आणि काही उरली तर ती रास्त असेल, तिचा विचार करा. स्थळांबाबत माझे मत एका वाक्यात सांगते: दौऱ्यांची गोष्ट साखरपुड्याआधी मुलाला स्वतः सांगा, आईकरवी नको.

आता पर्याय. तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत असे तुम्ही मानता, एकतर राजीनामा नाहीतर नकार. मला तिसरी दिसते आणि तिच्या अडचणीही दिसतात. निर्मात्याला सांगता येईल की मी शनिवार-रविवार आणि शाळेच्या सुट्यांत उपलब्ध आहे. व्यावसायिक नाटकांचे बहुतेक प्रयोग तेव्हाच असतात आणि मे महिना तर दौऱ्यांचाच. परभणीहून शुक्रवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघालात तर शनिवारी सकाळी मुंबईत पोहोचाल. पण रविवारचा प्रयोग रात्रीचा असेल तर परतीच्या गाडीचे गणित बसत नाही, सोमवारी शाळा आहे, आणि दोन रात्री गाडीत काढलेला गळा चार महिने साथ देईल, चार वर्षे देणार नाही. शिवाय तुम्ही शिक्षणसेवक आहात. किरकोळ रजांपलीकडे तुमच्या हाती फारसे काही नाही आणि मानधन घेऊन नियमित बाहेरचे काम करायचे तर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी परवानगी मागावी लागेल. ती न घेता काम करू नका. गावात नाटकाची जाहिरात लपत नाही आणि तक्रार करणारा बहुधा आपल्याच स्टाफरूममधला असतो.

हे सगळे पाहता माझा कल असा आहे. मुख्य संचातली भूमिका आत्ता घेऊ नका, पण दार लावूनही घेऊ नका. त्याच भूमिकेसाठी बदली कलाकार म्हणून तयार राहण्याची तयारी दाखवा. तालमीचा मोठा भाग मे महिन्याच्या सुटीत येत असेल तर पूर्ण तालीम करा आणि सुटीतले प्रयोग मागा. निर्मात्याचाही त्यात फायदा आहे, संगीत नाटकाला तयार गळ्याची बदली मिळणे फार कठीण असते. पन्नासाव्या प्रयोगापर्यंत जे नाटक टिकते त्याला तुम्ही पुढेही हव्या असाल. दहाव्यालाच बंद पडले तर तुमची नोकरी शाबूत आहे. निर्माता म्हणाला की ‘आत्ताच, पूर्णवेळ, नाहीतर नको’, तर मी नाही म्हणेन. ते चुकीचे ठरू शकते, हेही सांगून ठेवते. नाटक गाजले आणि दुसऱ्या कुणीतरी ती भूमिका अजरामर केली, तर तुम्हाला वाईट वाटेल आणि ते वाईट वाटणे सल्ला देणाऱ्याला भोगावे लागत नाही.

उरलेल्या दीड वर्षात मात्र हात बांधून बसायचे नाही. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत पुन्हा उतरा आणि शक्य असेल तर मिळवलेल्या भूमिकेपेक्षा वेगळी भूमिका घ्या: विनोदी, वयस्क, गाणे कमी आणि गद्य जास्त असलेली. छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून मराठी रंगभूमीला मोठी माणसे मिळाली आहेत. तिथल्या प्रयोगांना जा, ओळखी करा. नव्या संगीत नाटकांकडेही लक्ष ठेवा. ‘संगीत देवबाभळी’ सारखे दोन स्त्रियांवर उभे राहिलेले नाटक व्यावसायिक रंगभूमीवर शेकडो प्रयोग करून गेले, म्हणजे पंचवीस जणांचा संच आणि राजवाड्याचे नेपथ्य हाच एक आकार उरलेला नाही. दोन-तीन गाणाऱ्या बाया, एक पायपेटी, एक तबला आणि आपल्या मुलखातले एखादे कथानक, भारूड आणि गोंधळ यांच्या चालींतून उभे राहिलेले, हे परभणीत बसूनही लिहिता-बसवता येते. वडिलांची पेटी आहेच.

निर्मात्याला आजच पत्र किंवा संदेश लिहा. आधी त्याचे आभार माना, मग ‘बदली कलाकार म्हणून आणि सुटीतील प्रयोगांसाठी मी तयार आहे’ हे वाक्य आणि त्याखाली वरचे सहा प्रश्न. उत्तर येईल त्या दिवशी मलाही कळवा. तालमी सुरू झाल्या तर पुढच्या पत्रात प्रयोगाच्या रात्रीबद्दल लिहू नका. तालमीच्या चौदाव्या दिवशी दुपारी, सगळे कंटाळलेले असताना आणि पंखा बंद असताना, तुम्ही ते पद कसे म्हटलेत, एवढेच लिहा.